दारू सोडवणारा माणूस कसा घडतो?

बैलाने चारा सोडला तर आपण गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. कपाशीवर मावा पडला तर कृषी सहायकाला गाठतो. विहिरीला जागा धरायची तर पाणाड्यापासून भूजलवाल्या साहेबापर्यंत चौघांना विचारतो. पण घरातला कर्ता माणूस दारूच्या आहारी गेला, तर आपण कोणाला विचारतो? बहुतेक घरांत कोणालाच नाही. आधी झाकून ठेवतो. मग भांडतो. मग लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. कोणी सांगितले म्हणून पुडी आणून त्याच्या नकळत भाजीत कालवतो. आणि शेवटी कपाळाला हात लावून नशिबाला बोल लावीत बसतो.

वाचकहो, व्यसन सोडवणे हेसुद्धा शिकून करण्याचे काम आहे. जसा कंपाउंडर सुई टोचायला शिकतो, जशी सुईण बाळंतपण करायला शिकते, तसाच हेही काम शिकलेला माणूस असतो. त्याला व्यसनमुक्ती समुपदेशक म्हणतात. इंग्रजी शब्द वापरणारे त्याला काउन्सेलर म्हणतात. तो काय शिकतो, कसा शिकतो आणि खरा कोणता व खोटा कोणता हे आपल्याला कळले, तर घरचे माणूस कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवणे सोपे जाईल. म्हणून हा लेख.

आधी दुखणे केवढे आहे ते पाहू. दिल्लीच्या एम्स या संस्थेने केंद्र सरकारसाठी देशभर केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात ५ कोटी ७० लाखांहून अधिक माणसे अशी आहेत की दारूने त्यांचे नुकसान तरी होते आहे, किंवा ती पुरती दारूच्या कह्यात गेली आहेत. आणि दारूवाचून चालत नाही अशा दर ३८ माणसांमागे फक्त एकाला काहीतरी उपचार मिळाला होता. बाकीच्या ३७ जणांच्या घरी काय चालले असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

सुई आणि सलाईन पुरत नाही

दारू सोडण्याचे दोन भाग असतात. पहिला शरीराचा, दुसरा मनाचा.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर काही तासांतच हातपाय थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास एखाद्याला भ्रम होतो. अंगावर किडे चालतात, भिंतीवर माणसे दिसतात, आपण कोठे आहोत हे कळत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले. बाहेरचे काही नसते. दारूला सरावलेला मेंदू दारू तुटल्यामुळे बिथरलेला असतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून जुन्या पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडण्याचा उपाय कधीही करू नका. दवाखान्यात डॉक्टर झटके न येण्याची औषधे देतात, बी-१ हे जीवनसत्त्व देतात, आणि साधारण आठ-दहा दिवसांत शरीर ताळ्यावर येते.

इथेच पुष्कळ घरांची फसगत होते. माणूस धडधाकट होऊन घरी येतो, चार दिवस नांगराला हात लावतो, सगळे म्हणतात सुटली एकदाची. आणि पंधराव्या दिवशी उसाचे बिल हातात पडते. त्या रात्री तो पुन्हा झिंगत येतो.

हरळी काढल्याशिवाय रान साफ होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. वरचे गवत कापले की रान चार दिवस मोकळे दिसते. खाली कांडी राहिली की पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. दवाखान्यातले आठ-दहा दिवस म्हणजे वरचे गवत कापणे. खालची कांडी म्हणजे पिण्याची सवय, सोबती, कर्जाची टोचणी, न सांगितलेले दुःख, रिकामी संध्याकाळ. ती शोधून काढण्याचे काम समुपदेशकाचे.

हे शास्त्र आले कोठून?

या कामाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. कारण त्याची सुरुवात डॉक्टरांनी नव्हे, दारुड्यांनी केली.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे गाव आहे. तेथे १९३५ साली बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ नावाचा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर एकमेकांना भेटले. दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले. एकमेकांशी बोलत बसले की त्या दिवशी प्यावेसे वाटत नाही, असा दोघांचा अनुभव. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. आपल्याकडेही शहरांत व मोठ्या गावांत तिच्या सभा भरतात. फी नाही, नाव-गाव उघड करणे नाही.

पुढे मिनेसोटा राज्यातल्या विलमर येथील सरकारी मनोरुग्णालयात डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅन अँडरसन यांनी एक धाडस केले. दारू सोडलेल्या माणसांनाच त्यांनी रुग्णालयात कामावर घेतले. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका यांच्या शेजारी हा माणूस बसू लागला. १९५४ साली त्या राज्याने अशा सल्लागारासाठी सरकारी नोकरीतले पद निर्माण केले. स्वतः सोसलेला माणूस आणि पुस्तके शिकलेला माणूस एका टेबलाशी आले, ही त्यातली खरी गोष्ट.

आपल्या देशात मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, शांती रंगनाथन या बाईंचा नवरा दारूपायी गेला. त्या रडत बसल्या नाहीत. अमेरिकेत जाऊन त्यांनी हे शिक्षण घेतले आणि १९८० साली नवऱ्याच्या नावाने संस्था काढून व्यसनी माणसांसाठी उपचार सुरू केले. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि आपल्या पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. गर्द नावाच्या विषाने शहरांतली तरुण पोरे कशी सडत आहेत, हे अनिल अवचट यांनी लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. तेथून बरे झालेले कित्येक जण पुढे तेथेच कामाला लागले, शिकले आणि समुपदेशक झाले. इतर केंद्रांतल्या कार्यकर्त्यांना शिकवण्याचे कामही मुक्तांगणने अंगावर घेतले. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले. काम चालू आहे.

त्याला शिकवतात तरी काय?

"गोड बोलून समजावणे यात शिकायचे काय?" असे कोणी म्हणेल. समजावणे तर आपण सगळेच करतो. आई समजावते, सरपंच समजावतात, सासरा तर दर सणाला समजावतो. त्याने सुटती तर एव्हाना गावोगावची दारू सुटली असती.

समुपदेशकाला पहिली गोष्ट शिकवतात ती पारख. एखादा किती पितो हे विचारायचे नाही. दारू त्याला कशी धरून आहे हे विचारायचे. जॉन युइंग या अमेरिकन डॉक्टरांचे चार प्रश्न जगभर वापरतात. तुम्हीही ते ध्यानात ठेवा. पिणे कमी करावे असे कधी मनात आले का? लोक पिण्यावरून बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला खाते का? सकाळी उठल्या उठल्या अंग सावरण्यासाठी घोट घ्यावा लागतो का? यांतल्या दोन किंवा अधिक प्रश्नांना 'होय' आले, तर नीट तपासणी करून घ्यायला हवी असे समजावे.

दुसरी गोष्ट ऐकणे. सर्वांत अवघड तीच. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली एक पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर तिचे पुस्तक केले. तिचे सार असे की व्यसनी माणसाच्या मनात दोन माणसे भांडत असतात. एक म्हणतो सोड, दुसरा म्हणतो नको. बाहेरून कोणी 'सोड सोड' म्हणू लागला की आतला दुसरा माणूस जोर धरतो. म्हणून समुपदेशकाने त्याच्याशी भांडायचे नाही. सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून बाहेर यावीत असे विचारायचे.

उदाहरण घेऊ. समजा, एक शेतकरी समोर बसला आहे, बायकोने ओढून आणलेला.

"दादा, पिण्यातून तुम्हाला काय मिळते?" समुपदेशक विचारतो.

दादा चमकतो. हे त्याला आजवर कोणी विचारलेले नसते. "दिवसभर राबून अंग मोडते. घेतली की हलके वाटते. बँकेची नोटीस आठवत नाही."

"आणि जाते काय?"

बराच वेळ शांतता. समुपदेशक मध्ये बोलत नाही. गप्प राहणेही त्याला शिकवलेले असते.

"धाकटी पोरगी जवळ येत नाही आता. वास येतो म्हणते."

"तिने जवळ यावे असे वाटते तुम्हाला."

दादाच्या डोळ्यांत पाणी येते. आता सोडण्याचे कारण त्याच्या हाती आले. ते बायकोने दिलेले नाही, साहेबाने दिलेले नाही, त्याचे स्वतःचे आहे. असे कारण टिकते.

तिसरी गोष्ट पुढच्या धोक्याची आखणी. पुन्हा पिणे केव्हा होते? पैसा हाती आला की, भांडण झाले की, जुने सोबती भेटले की. समुपदेशक त्या माणसाबरोबर बसून वर्षाचे पंचांगच मांडतो. पोळा, गावची जत्रा, लग्नसराई, निवडणूक, कांद्याची पट्टी, उसाचे बिल. त्या त्या दिवशी कोठे जायचे, कोणाबरोबर जायचे, पैसे कोणाच्या हाती द्यायचे, 'एकच घे' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचे, हे आधीच ठरवून घोकून घेतो. तरीही पाय घसरला तर? शिकलेला समुपदेशक त्याला 'गेला कामातून' म्हणत नाही. कोणत्या खड्ड्यात पाय गेला ते पाहतो आणि पुन्हा चालायला लावतो.

चौथी गोष्ट जिवाच्या धोक्याची. दारू, कर्ज आणि निराशा एकत्र आली की माणूस स्वतःच्या जिवावर उठू शकतो. 'मरावेसे वाटते का' हे सरळ विचारायला समुपदेशकाला शिकवतात. असे विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही; उलट मनातले ओझे उतरते आणि मदत करता येते. तुम्हीही विचारा. आणि एक काम आजच करा: फवारणीची औषधे पेटीत घालून कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. तो वाईट क्षण बहुधा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी डबा हाताला लागला नाही तर माणूस वाचतो.

मनाच्या डॉक्टरलाही पुन्हा शिकावे लागते

आता एक गोष्ट सांगतो, जी शहरातल्या शिकलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. मानसोपचार शिकलेला प्रत्येक जण व्यसन सोडवू शकतो असे नाही.

एखादा माणूस झोप येत नाही, मन लागत नाही म्हणून डॉक्टरकडे जातो. डॉक्टर उदासीची आणि झोपेची गोळी लिहून देतो. तो रोज रात्री पितो हे कोणी विचारत नाही, आणि तो सांगत नाही. काही दिवसांनी दारू आणि गोळी अशी दोन व्यसने होतात. दारूवर झोपेची गोळी घेतली तर श्वासच मंदावण्याचा धोका असतो. याच्या उलटही होते. व्यसनमुक्ती केंद्रातला कार्यकर्ता दारू तोडून देतो, पण त्या माणसाला खरोखरीचा उदासीनतेचा आजार आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही. महिन्याभराने तो पुन्हा पितो आणि सगळे त्यालाच दोष देतात.

एकाला मन कळते पण दारू कळत नाही, दुसऱ्याला दारू कळते पण मन कळत नाही. रोगी एकच असतो. म्हणून मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, सामाजिक कार्यकर्ते यांना व्यसनाचे वेगळे शिक्षण देण्याची पद्धत पडली.

अमेरिकेत अनेक राज्यांत त्यासाठी वेगळा परवानाच लागतो. ज्या मिनेसोटाची गोष्ट वर सांगितली, तेथे असा परवाना घेण्याच्या नेहमीच्या वाटेत पदवी लागते, वर व्यसनाच्या विषयांचे २७० तासांचे शिक्षण लागते आणि ८८० तास प्रत्यक्ष रोग्यांबरोबर देखरेखीखाली उमेदवारी करावी लागते. तपासणीपासून उपचाराच्या आखणीपर्यंत, घरच्यांच्या शिक्षणापासून नोंदी ठेवण्यापर्यंत बारा कामे नेमून दिलेली आहेत. ती सगळी हाताखालून जावी लागतात. नवीन ड्रायव्हर शेजारी जाणता माणूस घेऊन गाडी शिकतो, तसेच हे.

आपल्याकडे व्यसन समुपदेशकासाठी असा राज्याराज्याचा परवाना नाही. पण शिक्षणाच्या वाटा आहेत. मनोविकारतज्ज्ञ झालेल्या डॉक्टरला पुढे आणखी तीन वर्षे व्यसनोपचाराचा डी. एम. हा उच्च अभ्यासक्रम करता येतो. दिल्लीचे एम्स आणि बंगळूरचे निम्हान्स येथे तो शिकवतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्या परिषदेचा कायदा १९९२ सालचा. केंद्रांतल्या समुपदेशकांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था वर्ग घेते. २०२१ साली आरोग्य क्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांसाठी जो नवा कायदा झाला, त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही जागा दिली आहे.

डॉक्टरला पुन्हा शिकताना काय जड जाते, तेही सांगण्यासारखे आहे. 'मी सांगतो, तू ऐक' ही सवय सोडणे त्याला जड जाते. व्यसनी माणूस खोटे बोलतो. पैसे औषधाला घेतो आणि गुत्त्यावर घालतो. शपथ घेतो आणि मोडतो. नव्या समुपदेशकाला त्याचा राग येतो. तो राग गिळायचा कसा, त्याच्या खोटेपणाला फसायचे नाही आणि तरी त्याचा अपमान करायचा नाही हे कसे साधायचे, हे पुस्तकात मिळत नाही. म्हणून नवख्याने केलेले संभाषण जुना जाणकार ऐकतो आणि कोठे चुकले ते दाखवतो.

गोव्यात काय घडले

तुम्ही म्हणाल, हे सगळे शहराचे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ताप मोजायला माणूस नाही, तेथे समुपदेशक कोठून येणार? याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे.

गोव्यात 'संगाथ' नावाची संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९६ साली सुरू केली. या संस्थेने मानसोपचाराचे पूर्वी काहीही न शिकलेली, साधी, स्थानिक माणसे निवडली. त्यांना काही आठवड्यांचे वर्ग दिले आणि नंतर काही महिने देखरेखीखाली काम करायला लावले. मग त्यांना १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. दारूने नुकसान होत आहे पण अजून पुरते कह्यात गेलेले नाहीत अशा पावणेचारशेच्या आसपास पुरुषांची निवड झाली. त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचा उपचार दिला. दुसऱ्याला तोच उपचार आणि वर समुपदेशकाच्या जास्तीत जास्त चार बैठका.

तीन महिन्यांनी पाहिले, तर मागच्या पंधरवड्यात थेंबही न घेतलेले पहिल्या गटात शंभरात १८ होते, दुसऱ्या गटात ४२. वर्षाने पुन्हा तपासले, तेव्हा धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेले पहिल्या गटात शंभरात सुमारे ३२ आणि दुसऱ्या गटात ५४ होते. पहिले निष्कर्ष २०१७ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, पदव्यांची रांग नसली तरी नीट शिकवलेला आणि मागे जाणत्याची देखरेख असलेला माणूस उपयोगी पडतो. ते समुपदेशक आपल्या बैठकांचे ध्वनिमुद्रण एकमेकांसमोर ठेवून गुण देत आणि सुधारत. दुसरी, लवकर गाठलेला माणूस लवकर सुटतो. ज्याला सकाळी उठल्यावर थरथर सुटते त्याला मात्र चार बैठका पुरत नाहीत. त्याला डॉक्टर हवाच.

केंद्र पारखून घ्या

व्यसनमुक्तीच्या नावाखाली दुकाने थाटणारेही कमी नाहीत. बियाणे घेताना पिशवीवरची तारीख आणि शिक्का पाहता, तसे इथेही पाहा.

केंद्राची नोंदणी आहे का, हे विचारा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि मादक पदार्थांमुळे होणारे मनोविकार त्यात येतात. या कायद्याने रोग्याला साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे आणि त्याला क्रूर वागणूक देता येत नाही. रात्री गाडी घेऊन येऊन माणसाला उचलून नेणे हा उपचार नव्हे. मर्जीविरुद्ध ठेवायचे तर कायद्याने ठरवलेली तपासणी व कागदपत्रे लागतात. "थोडे फटके दिल्याशिवाय सुटत नाही" असे जो म्हणतो, त्याच्या दारातून माघारी फिरा.

डॉक्टर रोज येतो का, रात्री फिट आली तर काय सोय आहे, हे विचारा. समुपदेशक कोठे शिकला, त्याच्यावर देखरेख कोणाची आहे, हे विचारा. स्वतः दारू सोडलेला असणे ही मोठी जमेची बाजू आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. घरच्यांना भेटू देतात का आणि घरच्यांसाठी वर्ग आहे का, हे विचारा. मुक्तांगणने पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालवला तो याचसाठी. आणि घरी सोडल्यानंतर पुढे किती दिवस पाठपुरावा करतात, हेही विचारा. 'एका महिन्यात शंभर टक्के खात्री' देणारा माणूस खोटे बोलतो असे समजा.

घरच्या बायामाणसांसाठी

ताई, माई, वहिनी, हे तुमच्यासाठी.

भाजीत लपवून दारू सोडवण्याचे औषध घालू नका. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेऊन वर दारू प्यायली की तोंड लाल होते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ते डॉक्टरच्या सल्ल्याने, रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. त्याला ठाऊक नसताना दिले आणि तो भरपूर प्यायला, तर जीव जाऊ शकतो. बाजारातल्या बिननावाच्या पुडीत काय असते, हे तर देव जाणे.

तो प्यायलेला असताना वाद घालू नका. सकाळी शुद्धीवर असताना थोडक्यात बोला: काल काय झाले, मला काय वाटले, काय करायला हवे. त्याचे गुत्त्यावरचे उसने तुम्ही फेडू नका. तो आजारी आहे असे कामावर खोटे सांगू नका. पण मारहाण होत असेल तर सोसत राहणे हा धर्म नव्हे; आधी स्वतःला आणि लेकरांना सुरक्षित जागी न्या.

माळ घालून दारू सुटलेली माणसे गावोगाव आहेत. त्यांना हसू नये. माळेबरोबर त्यांना रोजचा हरिपाठ मिळाला, सोबतीला दिंडी मिळाली, संध्याकाळ भरून निघाली. समुपदेशक गटात बसवून तेच साधतो. माळ आणि औषध यांचे वैर नाही. थरथर, फिट, भ्रम असेल तर मात्र आधी दवाखाना.

विचारायचे कोठे? १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा विनामूल्य क्रमांक आहे. मन फार खचले असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येते. ही सेवा २०२२ साली सुरू झाली. जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभागही आहेच. व्यसनी माणूस यायला तयार नसला, तरी तुम्ही एकट्या जाऊन बोलू शकता. पुष्कळ घरांत सुरुवात तशीच होते.

शिकलेल्या मुलामुलींसाठी

तुमच्या घरात मानसशास्त्र शिकलेली लेक असेल, समाजकार्याची पदवी घेतलेला पुतण्या असेल, परिचारिका झालेली सून असेल, तर तिला किंवा त्याला हे काम सुचवा. नवऱ्याच्या पिण्यापायी जमीन गहाण पडलेल्या घरात लहानाची मोठी झालेली मुलगी जेव्हा हे शिकते, तेव्हा समोरच्या बाईचे अर्धे बोलणे तिला न बोलताच कळते. पण कळणे आणि करता येणे यात अंतर आहे. म्हणून तिने नुसत्या कळवळ्यावर विसंबू नये. एखाद्या चांगल्या केंद्रात राहून उमेदवारी करावी, जाणत्याच्या हाताखाली चुका दुरुस्त कराव्यात, आणि आपले मन थकले की ते बोलून मोकळे करण्याचीही सवय लावावी.

ग्रामसभेत रस्ता, पाणी, गटार यांचे ठराव होतात. या वेळी आणखी एक मागणी करून पाहा: आपल्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस शिकलेला समुपदेशक बसावा, आणि त्याची वेळ फळ्यावर लिहिलेली असावी. हा मुद्दा कोणी मांडायचा, अशी कुजबुज होईल. ज्यांच्या घरी हे दुखणे आहे ते लाजेने गप्प राहतील, आणि ज्यांच्या घरी नाही ते 'आपल्याला काय करायचे' म्हणतील. म्हणून ज्यांच्या घरी नाही त्यांनीच आधी उठावे.